कोंडवाड्यावरचा चिंचोक्यांचा डाव

घोडेगावचा कोंडवाडा ही गावातली एकच अशी जागा होती, जिथं गुन्हेगाराला नुसतं उभं करत आणि शिक्षा मालकाला होई. कुणाच्या लसूणघासात तोंड घातलेली गाय, कुणाच्या मक्यात मुक्काम केलेली म्हैस, बैलबाजारातून दावं तोडून पळालेला गोऱ्हा, अशी मंडळी दगडी भिंतीच्या आत रवंथ करत असत. मग मालक यायचा, दंड भरायचा, राखणदाराला दोन शिव्या द्यायचा आणि जनावर सोडवून न्यायचा. शिव्या दंडात धरलेल्या नव्हत्या, पण पद्धत होती.

हा राखणदार म्हणजे गहिनीनाथ कराळे. आईनं मोठ्या श्रद्धेनं ठेवलेलं हे नाव गावानं वापरून वापरून ‘गयनाथ’ इतकं झिजवलं होतं. पंचेचाळिशीचा, उंच, मानेत किंचित वाकलेला माणूस. कोंडवाड्याच्या भिंतीला लागून पत्र्याची एक खोली आणि पुढं पडवी, हे त्याचं घर. भाकरी तो स्वतः थापी. ती कधी गोल आली नाही. नाव ठेवायला समोर कुणी नसल्यानं सुधारलीही नाही. दिवसभर मुक्या जनावरांत राहणारा माणूस त्यांच्याशी बोलत असणार, असं गावातले लोक धरून चालत. तो त्यांच्याशीही बोलत नसे.

बोलायचा तो दुपारी, आणि तेव्हाही बहुतेक एकच शब्द.

दुपारची जेवणं झाली की पडवीत पोतं अंथरून तीन पत्तीचा डाव बसे. आबासाहेब हे कालव्याखालचे बागायतदार आणि ग्रामपंचायतीचे सदस्य. छगन हा बैलबाजारातला दलाल. बन्सीकडं टेम्पो होता, त्यातून तो शेळ्यामेंढ्या नगरला पोचवी. आणि चौथा गयनाथ. जागा पंचायतीची, पंचायतीचा माणूस डावात, तेव्हा कायदा तिकडं फिरकायचं कारण नव्हतं. शिवाय डाव पैशाचा नव्हता. आबासाहेबांनी मागं कधीतरी शिंगणापूरला शनिदेवापुढं पैशाचा जुगार सोडल्याची शपथ घेतली होती. शपथेत चिंचोक्यांचा उल्लेख नव्हता. म्हणून तेलाच्या एका रिकाम्या डब्यात चिंचोके भरून ठेवलेले असत. बसताना ते मूठमूठ वाटायचे, उठताना परत डब्यात टाकायचे. जिंकलेल्याला जिंकल्याचा आनंद तेवढा घरी नेता येई.

हरून काही जाणार नसलं की माणूस फार शूर होतो. आबासाहेब पानं उचलून बघतच नसत, पालथ्या पानांवरच चाल लावत आणि वर म्हणत, “आपली आंधळी!” पंचायतीचे ठरावही ते याच पद्धतीनं मंजूर करत. बन्सी पानं बघे, पण बघून काय कळलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याच्या चाली टेम्पोच्या हॉर्नसारख्या, रस्ता मोकळा असला तरी वाजायच्या. आणि छगनचा तर धंदाच हूल देण्याचा. बाजारात उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून बैलाचा भाव ठरवताना तो चेहरा असा करी, की गिऱ्हाईक आपल्याला फसवतंय आणि आपण ते मोठ्या मनानं सोसतोय. तोच चेहरा तो हातात फुटकळ पानं असताना करी.

अशा तिघांत गयनाथ बसे. त्याला मोठी पानं फारशी येत नसत. तीन पत्तीत एकसारखी तीन पानं सगळ्यांत भारी. मग ओळीनं येणारी, मग एका रंगाची. त्याखाली जोड, म्हणजे दोन पानं सारखी आणि तिसरं कसलंही. त्याच्याही खाली मग काहीच नसणारे, ज्यांचं मोठं पान बघायचं. जोड हा मधला हात. टाकवत नाही आणि मिरवताही येत नाही. गयनाथला बहुधा जोडच लागे, किंवा लागलेली त्याच्या ध्यानात राही.

एका दुपारी अशीच नव्वीची जोड त्याच्या हातात होती.

“आपली आंधळी,” आबासाहेबांनी चिंचोका सरकवला.

“आंधळ्याला डोळसाचा मुजरा,” म्हणत छगननं पानं बघितली, कपाळाला लावली आणि चिंचोक्यांची चिमूट टाकली. “आज कुनाचं बी घर बसतंय बगा.”

“तुझंच बसंल. तुजी दोन्ही पोरं आजून शाळंतच बसल्यात,” बन्सी म्हणाला. एक चाल त्यानंही उगाच खेळली आणि पानं टाकली.

गयनाथनं मोजके चिंचोके पुढं केले. कमी नाहीत, जास्त नाहीत.

छगननं वाढवलं. आबासाहेबांनी त्याला बिचकून शेवटी पानं उचलली, “च्यायला, ह्यात तर येक चित्र बी न्हाई,” म्हणत खाली आपटली. राहिले दोघं. छगननं पुन्हा वाढवलं. गयनाथनं पुन्हा मोजके पुढं केले.

“आरं टाक की आता! ह्या छगनच्या हातात येकदा आलेलं जनावर माघारी गेलंय का कदी?”

“बघू,” गयनाथ म्हणाला. हाच तो शब्द.

छगनकडं राजा होता. बाकी पंजी आणि दुर्री. गयनाथनं नव्वीची जोड मांडली आणि चिंचोके ओढून घेतले, शेण गोळा करावं तितक्याच आनंदानं.

“ह्याच्या तोंडावर काय बी दिसत न्हाई,” छगन चिडून म्हणाला. “म्हशीच्या तोंडावर तरी दिसतं.”

“म्हस पत्ते खेळत न्हाई,” गयनाथ म्हणाला.

बन्सीनं एकदा त्याला सरळच विचारलं होतं, की जोड असली तर तू कधी वाढवत का नाहीस? तेव्हा गयनाथ आयुष्यातलं सगळ्यांत लांब बोलला असावा. “मधल्या पानावर जोर दावला,” तो म्हणाला, “की खोटं बोलनारं पळून जातं आन् खरं बोलनारं तेवढं म्होरं ऱ्हातं. मंग आपन खऱ्याफुडं मरतो. म्हून गप बसायचं. खोट्याला बोलू द्यायचं. बोलून बोलून ते दमतं, मंग म्हनायचं बघू. आन् जो कदीच थाप मारत न्हाई, त्यानं चाल लावली की आपन पानं टाकायची. तितं बघायचं न्हाई.”

“आसा मानूस कुटं घावला तुला, थाप न मारनारा?” आबासाहेबांनी विचारलं.

गयनाथनं पत्ते पिसले. उत्तर तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून कुणी पुन्हा विचारलं नाही.

पुष्पावती ही त्याची बायको. कर्जतजवळच्या एका वस्तीवरची. लग्नानंतर चार-पाच वर्षं ती घोडेगावात नांदली. बोलकी होती, पण पोकळ बोलत नसे. विहिरीवर जाते म्हणाली की विहिरीवरच सापडे. गयनाथची आई भागूबाई मात्र थापांत तरबेज. एकदा तुपाची बरणी रिकामी निघाली. सुनेनं तूप चोरून भावाला पोचवलं, असं भागूबाईनं शेजारणींसमोर जाहीर केलं. तूप भागूबाईनं स्वतःच बाजारात विकलं होतं, आणि ते विकताना गयनाथ शेजारी उभा होता.

पुष्पावतीनं त्याच्याकडं बघितलं. “तुमी सांगा की,” ती म्हणाली.

गयनाथ गप्प बसला. खोट्याला बोलू द्यायचं, ते आपणच दमतं, हा त्याचा हिशेब तेव्हाही होता. भागूबाई दमली नाही. दमली ती पुष्पावती.

“मग मी चालले,” ती म्हणाली. आणि ती कधी थाप मारत नाही हे पक्कं ठाऊक असल्यामुळं गयनाथनं तिला अडवलं नाही. ती जाणार म्हणाली म्हणजे जाणारच होती. ती गेली.

पुढं जे झालं ते आमच्याकडं कुठंही झालं असतं. रुसून गेलेली सून आपल्या पायांनी परत येत नाही. सासरच्या माणसानं न्यायला जावं लागतं. न्यायला गेलं तर चूक सासरची. माहेरच्यांनी आणून घातली तर चूक मुलीची. भागूबाई म्हणाली, “आणून घालतील, कुटं जात्यात?” कर्जतकर म्हणाले, “न्यायला येतील, कुटं जात्यात?” दोन्ही घरं सारख्याच धीरानं वाट बघत बसली. दहा-अकरा वर्षं गेली. मध्ये भागूबाई वारली. घर एकट्याला मोठं झालं, ते गयनाथनं चुलतभावाला वापरायला दिलं आणि तो कोंडवाड्याच्या खोलीत राहायला आला. आता चूक कुणाची ठरेल याची पर्वा करणारं कुणी उरलं नव्हतं. पण वाट बघायची रीत तेवढी उरली होती.

अशात बहात्तर साल आलं. पाऊस आधीच्या वर्षीही नीट नव्हता. त्या वर्षी तर ढगांनी तोंड दाखवून नुसता निरोप घेतला. दिवाळीपर्यंत कडबा सोन्याच्या मोलाला गेला आणि कोंडवाड्याचा व्यवहार उलटा झाला. लोक जनावरं सोडवून न्यायचे थांबले. उलट मोकाट सोडून देऊ लागले, म्हणजे कुणीतरी ती कोंडवाड्यात आणून घालील आणि पंचायत चार पेंढ्या तरी टाकील. भिंतीच्या आत गाई-बैलांची दाटी झाली. कुणाचाच मालक येईना. फाटकापाशी कुणाची चाहूल लागली की सगळी जनावरं एकदम माना वळवत; आणि तो बन्सी किंवा छगन आहे असं दिसलं, की पुन्हा खाली घालत.

डाव मात्र चालूच होता. दुष्काळात वेळेची टंचाई नव्हती.

एका शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासं, हातात नुसतीच कासरा-दोरी. जनावर विकून आलेल्या माणसाच्या हातात ती तशी रिकामी दिसते. तो सहादेव होता, पुष्पावतीचा भाऊ.

“बसा की पाव्हनं,” आबासाहेब म्हणाले.

“बसत न्हाई. दाजी, निरोप हाय.” सहादेव गयनाथशी बोलत होता, पण बघत होता समोरच्या भिंतीकडं. “संक्रांतीच्या आत पुष्पाला न्यायाला या. न्हाई आलात तर पंच बसवून काडीमोड करायची. जामखेडच्या अंगाचा येक मानूस हाय, पाट लावाया तयार हाय. जिमीन हाय. हिरीला पानी हाय.”

त्या साली विहिरीला पाणी असणं ही माणसाची सर्वांत मोठी लायकी होती.

“पानी तरी घ्या,” गयनाथ म्हणाला.

“न्हाई. यष्टी जाईल.” सहादेव वळला आणि निघून गेला. एवढं बोलून त्याला घाम फुटला होता.

तो नजरेआड होताच तिघांना कंठ फुटला.

“हूल!” छगननं पोत्यावर हात आपटला. “सपशेल हूल! मी रोज देतो, मला कळत न्हाई व्हय? दुसरं गिऱ्हाईक उबं हाय म्हनायचं, म्हंजी पयलं पळत येतं. बैल इकायची पयली पायरी हाय ही.”

“हूलच,” आबासाहेब म्हणाले. “गयनाथा, हलू नगंस. इतकी वर्सं धरलंस, आता तू गेलास तर तुजी मान खाली.”

“मान हाय कुटं वर?” बन्सी म्हणाला. “आबा, ह्ये चिंचोकं न्हाईत.”

“तू गप रं. तुला टेम्पोचा गेर बदलाया सांगितलाय का कुनी?”

छगन मात्र गयनाथकडं बघून हसला. “गयनाथ, पर येक सांगू? हितं आलेली भाकड गाय बी कुनीतरी सोडवून न्हेतंच, न्हाई का? तुज्या रखवालीत येवढी येकच ऱ्हायली.”

हे त्यानं नेहमीच्या सवयीनं, टाळीसाठी हात पुढं करून म्हटलं. टाळी कुणी दिली नाही. आत भिंतीपलीकडं सोडवून न नेलेली पंचवीस-तीस जनावरं उभी होती.

गयनाथ पानं हातात धरून बसला होता. जोडच होती, राणीची. त्यानं ती टाकून दिली आणि उठून जनावरांना पाणी दाखवायला गेला. हातातली जोड टाकलेला गयनाथ कुणी कधी पाहिला नव्हता.

त्याचा विचार दोन-तीन दिवस चालला, आणि तो त्याच्या पद्धतीचाच होता. थापाडे तिघं म्हणतायत की ही थाप. पण थापाड्याला सगळं जगच थाप वाटतं. सहादेव कसा आहे? त्याच बाजारात त्यानं बैल विकले, तेव्हा छगनच दलाल होता आणि नंतर कपाळ बडवत सांगत होता, की ह्या बाबानं गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच स्वतः सांगितलं, पांढरा डाव्या पायानं जरा लंगडतो म्हणून! असा माणूस हूल देईल? भिंतीकडं बघत बोलला, ते बहिणीचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, आपल्याच तोंडानं सांगायची लाज. म्हणजे खरं होतं. जामखेडचा माणूस खरा, जमीन खरी, विहिरीचं पाणी खरं.

आणि खऱ्यापुढं पानं टाकायची असतात. हा नियम त्यानं एकदा पाळला होता, तेव्हा बायको गेली होती.

सोमवारी सकाळी त्यानं बन्सीला जनावरांवर लक्ष ठेवायला सांगितलं, धुतलेलं धोतर नेसलं आणि नगरची एसटी धरली. नगरला उतरून कर्जतची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं भाजून निघालेली. जागोजाग दुष्काळी कामावरचे लोक खडी फोडत बसलेले. गाडीत शेजारच्यानं विचारलं, “कुटं निगालात?” गयनाथ म्हणाला, “बायकूला आनाया.” शेजाऱ्यानं त्याच्या पांढऱ्या झालेल्या मिशीकडं बघितलं आणि खिडकीबाहेर बघू लागला.

वस्तीवर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अंगणात सहादेव होता. दाजींना बघताच तो तांबडालाल झाला आणि “आलोच, बैलांना पानी पाजून” म्हणत घरामागं गेला. बैल त्यानं विकलेले होते.

पुष्पावती ओसरीवर सूप घेऊन रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडत होती. खडीच्या कामाला त्या दिवशी सुट्टी होती. केस पिकले होते, हात खडीनं राठ झाले होते. तिनं पदर सारखा केला.

“आलात व्हय,” ती म्हणाली.

“आलो.”

“यष्टीनं?”

“यष्टीनं.”

सहादेवाची बायको रंगुबाई पाण्याचा तांब्या ठेवून दाराच्या आत उभी राहिली. ऐकू येईल इतक्याच अंतरावर.

गयनाथ पाणी प्याला. मग त्यानं विचारलं, “त्यो जामखेडचा मानूस…”

“कुनी न्हाई तसला.”

“न्हाई?”

“न्हाई. मीच दादाला तसं सांगाया लावलं.”

गयनाथनं तांब्या खाली ठेवला. “आन् हिरीचं पानी?”

“ते बी मीच. नुस्ती जिमीन म्हनलं तर तुमाला काय वाटलं नसतं.”

“मला तितंच कळाया पायजे हुतं,” तो म्हणाला. “अवंदा जामखेडला कुनाच्या हिरीला पानी हाय?”

पुष्पावतीला हसू आलं. इतक्या वर्षांनी दोघांत पहिल्यांदा काही घडलं असेल तर ते हे.

“त्यो भिताडाकडं बघून बोलत हुता,” गयनाथ म्हणाला. “मला वाटलं, लाजतुया.”

“इसरू नये म्हून बघत हुता. आठवडाभर घोकत हुता बिचारा. रातचं झोपंत बी म्हनायचा, हिरीला पानी हाय, हिरीला पानी हाय.”

चिंचोक्यांवर रोज तिघा थापाड्यांना पकडणारा हा माणूस. पण आयुष्यात ज्या एका माणसानं त्याला एकदाच, तीही धड न जमलेली हूल दिली, त्या हुलीला तो फसला होता. आणि ज्यांना काहीच कळत नाही असं तो समजे, त्यांना ती ऐकताक्षणी कळली होती. तरी एक गोष्ट राहत होती. फसला होता, म्हणून तर तो आला होता.

तेच तिच्याही मनात आलं असावं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“येक इचारू? खरं सांगा.”

“इचार.”

“ही थाप हाय आसं तितंच कळलं आसतं, तर आला आसता?”

रंगुबाईच्या बांगड्या दाराआड वाजल्या आणि थांबल्या. घरामागं सहादेवही बहुधा नसलेल्या बैलांना पाणी पाजायचं थांबला असावा.

गयनाथच्या पुढ्यात यापेक्षा सोपा डाव कधी आला नव्हता. ‘आलो आसतो’, एवढंच म्हणायचं होतं. ते कुणालाही पडताळता येणार नव्हतं. पानं उघडून दाखव म्हणणारं कुणी नव्हतं. उलट समोरची बाई ते मानून घ्यायला तयार बसली होती. पण त्यानं प्रश्नाचा विचार केला, कारण तिनं खरं सांगा म्हटलं होतं. आबासाहेब, छगन, पोत्यावरची पानं, ‘हलू नगंस’, सगळं त्यानं मनात मांडून बघितलं.

“न्हाई,” तो म्हणाला.

पुष्पावतीनं मान हलवली. सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि मिलोतला एक खडा बाहेर फेकला.

“मंग झालं,” ती म्हणाली.

“आता चल की पर. आलोय तर.”

“कशाला?”

ह्याला त्याच्याकडं उत्तर असायला हवं होतं. एसटीत एवढा वेळ होता.

“तुपाचं…” तो शेवटी म्हणाला. “आईनं खोटं सांगितलं हुतं. मला ठावं हुतं.”

“तुमाला ठावं हाय, ते मला बी ठावं हुतं. तेच तर.” तिचा आवाज चढला नाही. “लई वर्सं मी वाट बघितली. गाडीचा आवाज आला की ह्या वाटंकडं बघायची. मंग वाट बघायची सवयच मोडली. आता खडीवर जाते, बायका हायेत, बोलणं हुतं, हसणं हुतं. तुमच्या तितं येऊन काय करू? तुमच्या गप बसन्याकडं बघत बसू?”

“आता बोलतुया की मी.”

“बोललात. ‘न्हाई’ म्हनलात.”

रंगुबाईला मग राहवलं नाही. ती दारात आली. “अवं दाजी, म्हनायचं हुतं की आलो आसतो म्हून! कोन तपासाया बसलं हुतं हितं?”

“तिनं खरं इचारलं हुतं,” गयनाथ म्हणाला.

“बायकांनी खरं इचारलं तर खरंच सांगत्यात व्हय?” रंगुबाई कपाळावर हात मारून आत गेली, आणि चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला.

जेवताना सहादेव समोर बसला, पण त्यानं डोळे वर केले नाहीत. शेवटी म्हणाला, “दाजी, चुकलो. जन्मात पयली थाप मारली.” गयनाथ म्हणाला, “बरी मारलीस.” आणि दोघं मिलोची भाकरी चावत राहिले, ती चावायला वेळ लागतो.

निघताना रंगुबाईनं जावयाला कुंकू लावलं आणि दुष्काळ असूनही टॉवेल-टोपी दिली. ही आमच्याकडची रीत. जावई घरी येऊन गेला की त्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. पुष्पावती जोत्यावर उभी होती. ती म्हणाली, “अधनंमधनं येत जा. पाव्हण्यासारकं.”

घोडेगावात तिघं वाटच बघत होते. बन्सी फाटकाशीच भेटला. गयनाथच्या मागं कुणी नाही, हे त्यानं आधी बघितलं आणि तोंडातला प्रश्न गिळला. छगनला गिळणं जमत नसे.

“काय, हूल हुती का न्हाई? सांग, हूल हुती का न्हाई?”

“हुती,” गयनाथ म्हणाला.

“बघा! मी म्हनलं न्हवतं? आबा, मी म्हनलं हुतं का न्हाई?” छगननं आबासाहेबांची टाळी घेतली. “मंग जिकलास की लेका! त्यांची थाप पकडलीस!”

गयनाथनं पोतं अंथरलं आणि डब्यातले चिंचोके सगळ्यांना मूठमूठ वाटले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. मालकांना आपापली जनावरं आठवली आणि उरली होती ती ते घेऊन गेले. काही तोवर उरली नव्हती. कोंडवाडा पुन्हा दोन-चार चोरट्या गाईंवर आला. आबासाहेब आंधळी खेळत राहिले, छगन कपाळाला पानं लावत राहिला. गयनाथ वर्षातून दोनदा कर्जतला जाऊ लागला, एकदा दिवाळीत आणि एकदा यात्रेला. गावाला या जाण्याला नाव देता येईना. न्यायला जातो म्हणावं तर नेत नाही; सोडली म्हणावं तर जातो. शेवटी लोक म्हणू लागले, “गयनाथ सासरवाडीला गेलाय,” नव्या नवऱ्याबद्दल म्हणावं तसं.

तिथं त्याला जावयाचा सगळा मान मिळे. ओसरीवर घोंगडी, कान न तुटलेल्या कपात चहा, पहिलं ताट. घरच्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. प्रत्येक खेपेला टॉवेल आणि टोपी मिळे. खोलीतल्या दोरीवर घड्याही न मोडलेले टॉवेल साठत गेले. बन्सीनं एकदा टेम्पोची काच पुसायला त्यातला एक मागितला. गयनाथनं त्याला स्वतःचं जुनं धोतर फाडून दिलं.

अशाच एका दिवाळीत तो पाटावर जेवायला बसला होता. पुष्पावती वाढत होती. बाजूला दुसरं कुणी नव्हतं.

“करमतं का तितं?” तिनं विचारलं.

गयनाथनं घास खाली ठेवला.

“लई करमतं,” तो म्हणाला. “दिसभर मान्सं येत्यात. बोलाया उसंत घावत न्हाई.”

पुष्पावतीनं त्याच्याकडं बघितलं. ही त्याची पहिलीच हूल होती. मग म्हणाली, “बरं हाय मंग,” आणि त्यानं नको म्हणायच्या आत त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.